मार्मोलाडा, ३ जुलै २०२२: नेहमीच्या वाटेवर कोसळलेला बर्फ

रविवार होता. इटलीच्या ईशान्येला डोलोमाइट पर्वतरांगेत लख्ख ऊन पडलं होतं. रांगेतला सर्वांत उंच डोंगर मार्मोलाडा. त्याच्या उत्तर उतारावर दोरानं एकमेकांना बांधून घेतलेले गट नेहमीच्या वाटेवर होते. दुपारी पावणेदोनच्या सुमारास पुंता रोक्का या शिखराखालचा हिमनदीचा एक तुकडा खडकापासून सुटला आणि दगडगोट्यांसह उतारावरून दोन किलोमीटरहून जास्त अंतर खाली गेला. परिसरातल्या भूकंपमापकांवरही त्याची नोंद झाली. त्या वाटेवरची अकरा माणसं गेली, आणखी काही जखमी झाली.

अपघातांचे अहवाल वाचताना आपण नकळत एक चूक शोधत असतो. दोर नव्हता, हवामान बघितलं नव्हतं, अनुभव नसताना पुढे गेले, असं काहीतरी. ती सापडली की बरं वाटतं, कारण लगेच मनात येतं, "मी असं केलं नसतं." गिर्यारोहण शिकणाऱ्या नवशिक्यांच्या वर्गात मी हे प्रकरण गेली काही वर्षं घेतो, आणि प्रत्येक वेळी मुलं तीच चूक शोधतात. ती मिळत नाही. गेलेल्यांमध्ये पेशानं पर्वत-गाइड असलेली, आयुष्य डोंगरात काढलेली माणसं होती. साहित्य होतं, दोर होता, हवा स्वच्छ होती. वाट तर अशी, की जिच्यावर दर उन्हाळ्यात असंख्य लोक जातात.

डोंगर आणि वाट

मार्मोलाडाची दोन तोंडं आहेत. दक्षिणेला शेकडो मीटरचा सरळसोट कडा, कसलेल्या प्रस्तरारोहकांचा. उत्तरेला त्या मानानं सौम्य उतार, आणि त्यावर डोलोमाइटमधली सर्वांत मोठी हिमनदी. सर्वोच्च टोक पुंता पेनिया, ३,३४३ मीटर. पुंता रोक्का त्याहून जरासं बुटकं, ३,३०९ मीटर, आणि तिथपर्यंत थेट केबल कार जाते. पायथ्याशी फेदाया नावाचं धरणाचं तळं आहे, साधारण दोन हजार मीटरवर.

चढाई करणारे तळ्यापासून निघतात, खडकाळ पठारांवरून हिमनदीच्या कडेला येतात, बुटांवर क्रॅम्पॉन (बर्फावर पकड देणारे लोखंडी दाते) चढवतात, दोर बांधतात आणि बर्फावरून तिरके वर जातात. मग लोखंडी तारा ठोकलेला एक कातळटप्पा लागतो. तो संपला की बर्फाची गोलसर धार. स्थानिक बोलीत तिला 'स्केना दे मुल' म्हणतात, म्हणजे खेचराची पाठ. त्या पाठीवरून चालत गेलं की पेनियाचं टोक आणि त्यावरची छोटी झोपडी. एका दिवसात तळ्यापासून वर आणि परत. आल्प्सच्या हिशेबात ही कठीण वाट नाही. हिमनदीवर चालायला शिकणाऱ्याला बहुधा अशाच वाटेवर आणतात.

जो तुकडा सुटला तो या वाटेपासून बाजूला आणि वर होता, रोक्काखालच्या उतारावर. वाटेवरच्या माणसाला त्याच्यावर पायही ठेवावा लागत नव्हता, पण तो सुटल्यावर जिथून जाणार त्या पट्ट्यातून मात्र वाट जात होती.

बर्फाचं काय झालं होतं

१८८८ च्या सुमारास ही हिमनदी सुमारे ५०० हेक्टरवर पसरलेली होती. २०२४ च्या मोजणीत ती ९८ हेक्टरवर आली. क्षेत्र ऐंशी टक्क्यांनी घटलं, पण आकारमान तब्बल ९४ टक्क्यांनी, म्हणजे जे उरलंय तेही पातळ झालेलं आहे.

पहिल्या महायुद्धात याच हिमनदीच्या पोटात ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्यानं एक अख्खं गाव खोदलं होतं. लिओ हांडल या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १९१६ पासून बर्फात बोगदे काढले गेले, एकूण सुमारे बारा किलोमीटर लांबीचे. झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, कोठारं, प्रार्थनेची जागासुद्धा. वर इटालियन तोफा, आत सैनिक. आज तेवढं पोटच त्या हिमनदीला नाही. युद्धातल्या वस्तू आता बर्फ वितळून आपोआप बाहेर येतात.

हिमनदी आटते ती वाटीतलं पाणी आटावं तशी एकसारखी आटत नाही. आधी पातळ भाग जातात, मधले कातळाचे उंचवटे उघडे पडतात आणि एकसंध बर्फाचे तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मग आपापल्या खळग्यात किंवा उतारावर एकटा पडतो. पूर्वी खालच्या बर्फाचा त्याला टेकू होता, बाजूच्या बर्फाची पकड होती. ती गेली. रोक्काखालचा तुकडा हा असाच एकटा पडलेला होता, आणि तोही तीव्र उताराच्या कातळावर.

लोक, आणि जाणती माणसंसुद्धा, हिमनदी संपत आली की ती निरुपद्रवी झाली असं धरून चालतात. मोठी हिमनदी भीती घालते, उरलेल्या तुकड्याकडे पाहून फार तर वाईट वाटतं. मीही बरीच वर्षं असंच बघत होतो. पण हिमनदीचा तुकडा उताराला धरून राहतो तो बराचसा आजूबाजूच्या बर्फाच्या आधारामुळे, आणि आटताना नेमका तो आधारच आधी जातो. खाली त्याला कातळाशी चिकटवून ठेवणारी थंडीही कमी होते.

भेगेतलं पाणी

त्या वर्षी हिवाळ्यात आल्प्सच्या दक्षिण अंगाला बर्फ फारच कमी पडला. मार्चमध्ये सहाराची धूळ आल्प्सवर येऊन पसरली. धुळीनं मळलेला बर्फ जास्त ऊन शोषतो. मग मे-जूनमध्ये उष्णतेच्या लाटा. उत्तर इटलीतली पो नदी अशी आटली की अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, इटलीच्या सरकारनं उत्तरेतल्या पाच प्रांतांत दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली. त्याच दिवशी पंतप्रधान मारिओ द्रागी डोंगराच्या पायथ्याच्या कानात्सेई गावात पोचले होते. या दोन बातम्या वेगवेगळ्या रकान्यांत छापल्या गेल्या. माझ्या मते ती एकच बातमी होती.

हिवाळ्यातला ताजा बर्फ हिमनदीवर पांघरुणासारखा असतो. ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन तो परत फेकतो. शिवाय वर वितळलेलं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. हे पांघरूण जूनअखेर उरलंच नव्हतं. खालचा जुना, करडा बर्फ उघडा पडला होता. तो निम्म्याहून जास्त ऊन पिऊन घेतो, आणि त्याच्यावर झालेलं पाणी थेट भेगांमध्ये उतरतं.

२ जुलैला, म्हणजे आदल्या दिवशी, मार्मोलाडाच्या माथ्यावर सुमारे १० अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. तीन हजार तीनशे मीटरवर. शून्य अंशाची पातळी, म्हणजे ज्या उंचीवर हवेचं तापमान शून्यावर येतं ती, शिखराच्या कितीतरी वर गेलेली होती, आणि ती तिथे दिवसचे दिवस राहिली होती.

आता पाणी काय करतं ते पाहू, कारण या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. सुटलेल्या तुकड्याच्या वरच्या अंगाला एक मोठी आडवी भेग होती. अशी भेग नुसती हवेनं भरलेली असेल तर ती फार खोल जाऊ शकत नाही, कारण काही अंतरावर बर्फाच्या स्वतःच्या दाबानं ती मिटते. पण पाणी बर्फापेक्षा जड. भेग पाण्यानं भरली की पाण्याचा दाब बर्फाच्या दाबावर मात करतो, भेग मिटू देत नाही, उलट पाचरीसारखी खाली खाली फाडत नेतो.

एक साधा हिशेब वर्गात फळ्यावर करतो. समजा भेगेत वीस मीटर खोल पाणी साठलं आहे. तळाशी दाब किती? दर चौरस मीटरला वीस टन. आणि भेगेच्या लांबीच्या प्रत्येक मीटरमागे बर्फाच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूनं, उताराकडे, एकूण रेटा सुमारे दोनशे टन. पाण्याची खोली दुप्पट झाली तर हा रेटा चौपट होतो. भेग किती रुंद आहे हे या हिशेबात येतच नाही. हातभर रुंदीच्या भेगेतलं पाणी बर्फावर तेवढंच रेटतं जेवढं मोठ्या तळ्यातलं रेटेल. म्हणून वरून पाहताना 'थोडंसं पाणी' दिसलं तरी त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

शिवाय हे पाणी तळापर्यंत पोचलं की बर्फ आणि कातळ यांच्या मधे शिरतं आणि बर्फाला खालून उचलून धरतं. घर्षण कमी होतं. अभ्यासकांनी मांडलेल्या स्पष्टीकरणात आणखी एक बारकावा आहे. तुकड्याच्या खालच्या कडेचा बर्फ कातळाला गोठून चिकटलेला असेल तर पाण्याला वाट मिळत नाही. ते बाहेर वाहून गेलं असतं तर दाब उतरला असता. पण खाली बूच आणि वर रोज नवी भर, अशी कोंडी झाली. मग बूच निघालं. सुमारे ६४ ते ७० हजार घनमीटर बर्फ, वजनात साठ हजार टनांच्या आसपास, एकदम सुटला.

माझ्या पहिल्या हिमनदीवरची एक दुपार मला या ठिकाणी आठवते. आमच्या शिक्षकांनी एका निळसर भोकाजवळ दोर पक्का करून आम्हाला एकेकाला पोटावर झोपवलं आणि कान लावायला सांगितला. पृष्ठभागावर बोटभर रुंदीचे ओहोळ वाहत होते, बुटाचा तळही भिजत नव्हता. पण आतून येणारा आवाज मोठ्या नदीचा होता, घुमणारा, आणि बराच खोल. सकाळी आम्ही तिथूनच गेलो होतो आणि तेव्हा काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या आवाजाचा मी तेव्हा कौतुकानं विचार केला. पाण्याला बाहेर पडायला वाट आहे म्हणूनच ते वाजतंय, आणि कोंडलेलं पाणी वाजत नाही, हे मार्मोलाडाबद्दल वाचल्यावर ध्यानात आलं.

कळलं असतं का?

हा प्रश्न गेलेल्यांच्या घरच्यांनी विचारला, सरकारी वकिलांनी विचारला, आणि आपणही विचारायला हवा. त्रेंतोच्या सरकारी वकिलांनी तपास सुरू केला होता. पुढे कोणावरही ठपका न ठेवता तो बंद झाला: अशा घटनेचा अंदाज आधी बांधता येण्यासारखा नव्हता, असं मत पडलं.

हे उत्तर अर्धंच पटतं. हिमनदीचा कडा कधी तुटणार याचा अंदाज बांधता येतो, आणि तो बांधलाही गेलेला आहे. स्वित्झर्लंडमध्ये वाइसमीस शिखराच्या ट्रिफ्ट हिमनदीवर रडार रोखून ठेवलेलं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये बर्फाचा वेग दिवसाला एक मीटरच्या वर गेला तेव्हा साआस-ग्रुंड गावातले सुमारे २२० लोक हलवले गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ खरोखरच कोसळला. कोणालाही इजा झाली नाही. मे २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच ब्लाटेन गावाचंही तसंच. गावकरी आधीच हलवले होते, म्हणून गावाचा बहुतेक भाग गाडला जाऊनही जीवितहानी एका माणसापुरती राहिली.

पण त्या दोन्ही ठिकाणी गावावर थेट धोका होता, म्हणून उपकरणं होती. मार्मोलाडाच्या त्या तुकड्याखाली गाव नव्हतं, फक्त वाट होती. हिमनदीची मोजणी वर्षानुवर्षं होत होती, पण ती किती मागे हटली, किती पातळ झाली, याची. ती घसरू शकते का, हा प्रश्न त्या मोजणीचा नव्हताच. भेग दिसत होती, पण भेगा सगळ्याच हिमनद्यांवर दिसतात. त्यातच फरक हा, की उतारावर हळूहळू सरकत जाणारा थंड बर्फ तुटण्याआधी वेग वाढवतो आणि रडारला ते दिसतं, तर पाण्याच्या दाबानं सुटणारा बर्फ असा इशारा देईलच याची खात्री नाही.

हिमनदीच्या पोटात कोंडलेलं पाणी ही आल्प्सला नवी गोष्टही नाही. १८९२ च्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये मों ब्लां शिखराच्या बाजूला तेत रूस या छोट्याशा हिमनदीतलं पाणी फुटलं आणि खालच्या सेंट-जर्वे परिसरातली पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. त्याच हिमनदीत पुन्हा पाणी साठल्याचं आढळलं तेव्हा २०१० मध्ये ते पंपानं उपसून काढलं गेलं. म्हणजे शोधायचं ठरवलं तर सापडतं. पण आल्प्समधल्या प्रत्येक उरल्यासुरल्या तुकड्यावर रडार लावणं आणि भोकं पाडून पाणी शोधणं होणारं नाही, आणि हिमालयात तर त्याचा विचारही नको. वाटेवर जाणाऱ्यानं आपल्यापुरता हिशेब करणं याला म्हणूनच पर्याय उरत नाही.

वेळेचा नियम

वर्गात इथे नेमका एक हात वर होतो. "सर, पावणेदोनला ते बर्फावर का होते?" प्रश्न रास्त आहे. बर्फावर पहाटे जा आणि ऊन चढायच्या आत उतरा, हे आपण पहिल्याच दिवशी शिकवतो. लवकर निघालेले बरेच जण त्या दिवशी सुखरूप उतरलेही असतील.

पण हा नियम कशासाठी आहे ते नीट बघितलं पाहिजे. रात्री पृष्ठभाग गोठतो, भुसभुशीत बर्फ कडक होतो, भेगांवरचे बर्फाचे पूल आवळतात, दगड जागच्या जागी धरले जातात. म्हणजे हा नियम रात्रीच्या गोठण्यावर उभा आहे. रात्री गोठलंच नाही तर पहाटेला तो अर्थ उरत नाही. माथ्यावर दुपारी १० अंश असतील तर रात्रीही वितळणं थांबलं नसण्याची शक्यता मोठी. आणि भेगेत साठलेलं पाणी तर काही आठवड्यांचं होतं. ते दुपारी पावणेदोनला फुटलं, तसं सकाळी नऊलाही फुटू शकलं असतं. पहाटे गेलेले त्याच पट्ट्यात कमी वेळ होते म्हणून त्यांची शक्यता कमी, एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

म्हणून त्या माणसांना उशिराचा दोष देणं मला मान्य नाही. त्यांनी जो नियम शिकला तो त्यांच्या शिक्षकांच्या काळातल्या बर्फासाठी होता. तेव्हा जुलैच्या सुरुवातीला मार्मोलाडावर हिवाळ्यातलं पांघरूण असायचं.

दुसरं, स्वच्छ हवा. डोंगरात जाणाऱ्याला आपण ढग, वारा, वीज यांच्या अंदाजावरून 'हो-नाही' ठरवायला शिकवतो. त्या आठवड्याचा अंदाज उत्तम होता. निरभ्र आकाश, कडक ऊन, उबदार रात्री. जे वातावरण लोकांना वर बोलावत होतं तेच भेग भरत होतं.

नंतरचे दिवस

बर्फ थांबल्यावर वर किती माणसं होती हे कोणालाच माहीत नव्हतं. अशा वाटेवर नाव नोंदवून जायचं नसतं. मग तळ्याकाठच्या वाहनतळावर उभ्या राहिलेल्या गाड्या मोजल्या गेल्या. संध्याकाळ झाली तरी ज्यांचा मालक आला नाही अशा गाड्यांच्या नंबरांवरून नावं काढली गेली, घरी फोन लावले गेले. बेपत्ता असलेल्यांचा आकडा पहिले काही दिवस वरखाली होत राहिला तो यामुळे. कोणी फोनवर सापडायचं, यादीतून एक नाव कमी व्हायचं.

वरचा उरलेला बर्फही अस्थिर होता, म्हणून बचावपथकांना सुरुवातीला ढिगाऱ्यावर उतरवणं धोक्याचं होतं. ड्रोन आणि हेलिकॉप्टरमधून शोध घेतला गेला. हालचाल टिपणारी रडारं आणून वरच्या बर्फाकडे रोखली गेली आणि मग पथकं कुत्र्यांसह ढिगाऱ्यावर गेली. ढिगारा रोज वितळत होता, आणि त्यातून साहित्य वर येत होतं. ओळख पटवायला डीएनएची मदत घ्यावी लागली. ९ जुलैला अकरा जणांची ओळख पूर्ण झाली. त्यात इटालियन होते आणि झेक होते.

त्याच उन्हाळ्यात मॅटरहॉर्नवर आणि मों ब्लांच्या नेहमीच्या वाटेवर गाइडांनी काही काळ माणसं नेणं थांबवलं. पैसे बुडाले, हंगाम गेला. तरी थांबवलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, कारण ज्यांचं पोट त्या वाटेवर आहे त्यांनी ती बंद करायचं ठरवलं.

मी माझ्या गटांसाठी काय बदललं ते सांगतो. निघण्याआधीच्या चर्चेत आता आमचा पहिला प्रश्न दिवसाच्या हवामानाचा नसतो. मागच्या सात रात्रींत शून्याची पातळी कुठे होती, हा असतो. ती सलग शिखराच्या वर असेल तर हिमनदीखालून जाणारी वाट त्या दिवसापुरती नाही, मग आकाश कितीही निळं असो. दुसरा प्रश्न, हिवाळ्यातला बर्फ अजून अंगावर आहे की जुना करडा बर्फ उघडा पडलाय. तिसरा, आपल्या वाटेच्या वर, डावी-उजवीकडे, मुख्य हिमनदीपासून तुटून एकटा लटकलेला तुकडा आहे का, आणि तो सुटला तर कुठून जाईल. नकाशावर त्या मार्गाची पेन्सिलनं रेघ मारायची. आपली वाट ती रेघ जिथे ओलांडते तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, दोर तिथे बांधायचा नाही.

वर्गात हे सांगून झालं की मी २ जुलैचा तो आकडा फळ्यावर लिहितो: माथ्यावर १० अंश. मग विचारतो, शनिवारी रात्री हा आकडा तुमच्या हातात असता, तर रविवारी गेला असता का? आता सगळे नाही म्हणतात. मग ते मला विचारतात, आणि मी खरं उत्तर देतो. २०२२ च्या आधी विचारलं असतं तर गेलो असतो, पहाटे लवकर उठून, आणि तुम्हाला घेऊन.